फ्रेंच क्रियापदं पाठ करण्याआधी तोडून म्हणा

ठाण्यात पाचपाखाडीला मी आठवी ते बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. 'पार्ले' म्हणजे बोलणे. वहीत त्याची सहा रूपं सुबक लिहिलेली असतात, पण मूल वाचायला लागलं की 'पार्लेन्त' ऐकू येतं, कारण पाठांतर डोळ्यांनी झालेलं असतं. माझ्याकडे आधी म्हणायचं, मग लिहायचं.

'मी, तू, तो, ते' या रूपांच्या शेवटी अनुक्रमे ई (e), ईएस, ई, ईएनटी ही रोमन अक्षरं लिहितात, उच्चार मात्र चारही ठिकाणी 'पार्ल'. तो ई आपल्या 'घर'मधल्या शेवटच्या अ-सारखा, कागदावर असतो, तोंडात नसतो. 'आम्ही' आणि 'तुम्ही'चे प्रत्यय तेवढे ऐकू येतात: पार-लों, पार-ले. तोडायचं कसं? दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. दोन असली तर वाटून घ्यायची, पण त-र, ब-ल अशा जोड्या फोडायच्या नाहीत.

आता 'आश्ते', विकत घेणे. इथे मुलं सगळ्यात जास्त अडतात, म्हणून मी इथेच सगळ्यात जास्त थांबते. 'आम्ही'च्या रूपात, 'आश्तों'मध्ये, मधला ई गिळला जातो. 'मी'च्या रूपात तोच ई खणखणीत वाजतो: 'जाशॅत'. (सुरुवातीचा ज म्हणजे 'मी', क्रियापदाला चिकटलेला; तो श म्हणतानाच गळ्यातून आवाज काढून म्हणायचा.) प्रत्यय ऐकू येत नाही म्हटल्यावर शब्दाचा सगळा भार त्या ई-वर येतो, म्हणून लिहिताना त्याच्या डोक्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ. विहीर–विहिरीत, बहीण–बहिणीला, फूल–फुलाला म्हणून पाहा. प्रत्यय लागला की आधीचा स्वर आखडतो, नसला की लांबतो. मराठी कानाला ही चाल लहानपणापासून ठाऊक आहे, आणि ती आपण फ्रेंचच्या तासाला वापरत नाही याची मला फार हळहळ वाटते.

'आप्ले' (हाक मारणे) आणि 'ज्ते' (फेकणे) यांत तिरक्या रेघेऐवजी एल किंवा टी दुहेरी होतो. 1990च्या लेखनसुधारणेत अशा बहुतेक क्रियापदांना रेघ सुचवली गेली, पण ही दोन आणि त्यांच्यापासून बनलेली क्रियापदं जुन्या वळणावरच राहिली.

'व्नीर', येणे, हे अनियमित म्हणून घोकतात. तेही तोडून बघा: 'मी'ला 'व्यँ', 'ते'ला 'व्येन', 'आम्ही'ला 'व्नों'. लॅटिनमध्ये 'आम्ही-तुम्ही'त आघात प्रत्ययावर होता, बाकी चार रूपांत धातूवर, त्याचीच ही खूण. एकदा हे बसलं की पुढे 'र' लावून 'रव्नीर' (परत येणे), 'द' लावून 'दव्नीर' (होणे, बनणे) आयतेच मिळतात, रूपांसकट. विशेषणापासूनही क्रियापद बनतं: 'रूज' म्हणजे लाल, 'रूजीर' म्हणजे लाल होणे. त्याचं कुटुंब वेगळं, 'आम्ही'ला मध्ये दोन एस येतात: रू-जी-सों.

सरावाला वही नको. तलावपाळीला फेरी मारताना 'मी' आणि 'आम्ही' जोडीनेच म्हणा: जाशॅत, आश्तों. मग स्वराने सुरू होणारी क्रियापदं घ्या. 'तो प्रेम करतो' हे 'ई-लॅम', 'ते प्रेम करतात' हे 'ईल-ज़ॅम', 'जरा'मधल्या ज-सारखा आवाज घालून. हा ज नीट काढा. ओरलला एकवचन की अनेकवचन हे समोरच्याला तेवढ्यावरूनच कळतं.