अष्टमीचा चंद्र आणि पाच वाजताची बादली

चंद्राचा फोटो काढायचा तर पौर्णिमा नको. त्या रात्री चंद्रावर ऊन समोरून पडतं, सावल्या उरतच नाहीत, आणि सहाशे एमएमच्या लेन्समधूनही हाती येते ती नुसती पांढरी भाकरी. चैत्र शुद्ध अष्टमी धरा, रामनवमीच्या आदल्या दिवसाची. उजेड-अंधाराच्या सीमेवर टॉलेमेयस, अल्फॉन्सस आणि अर्झाकेल ही तीन विवरं ओळीनं उभी दिसतात.

तयारी पाच वाजता, पाण्याच्या बादलीपासून सुरू होते. आपल्या नागपुरात या दिवसांत स्लॅब असा तापतो की दिवस बुडाल्यावरही तासन्‌तास धग सोडत राहतो. त्या थरथरत्या हवेतून चंद्राची कड वाहत्या पाण्यातल्या नाण्यासारखी हलते. मग लेन्स कितीही महागाची असो. म्हणून उन्हं कलली की गच्चीवर पाणी मारा, झोपायच्या आधी मारतो तसंच. पण ते वाळू द्या, आणि कॅमेरा लावायची घाई करू नका. तशीही सूर्य मावळताना ही अष्टमी जवळजवळ डोक्यावर असते. लेन्स सरळ वर केली की ट्रायपॉडचं हेड अडतं, मान मोडते ती वेगळीच. नऊ-साडेनऊला चंद्र पश्चिमेकडे कलतो, तोवर स्लॅबही थोडा निवतो.

आठलाच लेन्स बाहेर आणून ठेवा. थंड खोलीतून काढून लगेच फोकस केला, तर लेन्स गरम होता होता तो सरकतो. बॅटरी, कार्ड, टॉर्च हे सांगायला नको. लेन्सच्या कॉलरची प्लेट, म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसते ती पट्टी, मात्र आधीच कसून ठेवा, अंधारात ती हमखास तिरकी बसते.

ट्रायपॉड कठड्यापासून लांब, गच्चीच्या मधोमध. मागच्या वर्षी मी तो कठड्याला खेटून लावला, आणि खाली त्याच भिंतीला आमच्या कूलरचं स्टँड. सगळ्या फोटोंत चंद्राला दोन-दोन कडा! आता तासभर कूलर बंद. घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं, ते यादीत धरा.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली). एफ/८, आयएसओ ४००, शटर १/२००च्या आसपास. पौर्णिमेचे आकडे इथे अंधार करतील. लेन्सवरच्या इन्फिनिटीच्या, म्हणजे अनंत अंतराच्या, खुणेवर विसंबू नका. स्क्रीनवर दहापट मोठं करून एखाद्या विवराच्या कडेवर हातानं फोकस करा आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा बघा. सहाशेलाही सेन्सरवर चंद्र जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा पडतो, त्यामुळे चुकीला जागा नाही. शिवाय दोन मिनिटांत तो आपल्याच रुंदीएवढा पुढे जातो. फ्रेम लावा, वीस-तीस फोटो घ्या, परत लावा. हवा क्षणभर थांबते, त्यातला एखादाच खणखणीत निघतो.

एव्हाना शेजारच्या गच्चीवर गाद्या पडलेल्या असतात. पोरं येतीलच, "काका, आम्हाला पण दाखवा ना!" दाखवा, पण स्क्रीनवर. ट्रायपॉडला हात नाही.