पिकअप हीट होते? हेड उघडायच्या आधी एवढं बघून घ्या

आमची डिझेल पिकअप नाशिकहून द्राक्षं भरून इंदूरच्या चोइथराम मंडीला यायची, धुळे सेंधवा सगळं ठीक आणि खलघाटला नर्मदा ओलांडली की मानपूरच्या चढावर काटा थेट लाल. इथल्या एका मिस्त्रीने बोनेट उघडून दोन मिनिटांत सांगून टाकलं, हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेली. काका तर पैसे जुळवायला लागले होते. आणि निघालं काय, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत गव्हाच्या भुशाची गादी जमली होती, हवाच जात नव्हती! म्हणून कळकळीने सांगतो, खर्च करायच्या आधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये तापते पण बायपासवर काटा खाली येतो, म्हणजे फॅन कमी पडतोय. इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवा, गरम इंजिनवर सुद्धा अगदी मोकळा भिंगरीसारखा फिरला तर व्हिस्कस क्लच (फॅनला इंजिनशी जोडणारा भाग) गेला समजा. याच्या उलट, गावात ठीक आणि लोड घेऊन पळवली की तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक आहे किंवा पंप पाणी कमी फेकतोय. थंड गाडी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापली तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय, नाहीतर सिस्टीममध्ये हवा आहे.

आता रेडिएटरचं झाकण. गरम गाडीचं झाकण उघडू नका, कितीही घाई असो, आत प्रेशर असतं आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. झाकण ते प्रेशर धरून ठेवतं म्हणून पाणी 100 डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही, त्याचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की पाणी कूलंटच्या बाटलीत फेकलं जातं आणि आपण लीकेज शोधत बसतो. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तरी आधी झाकणच बदलून बघा, सगळ्यात स्वस्त पार्ट आहे.

थर्मोस्टॅटचं तर काढून पातेल्यात पाण्यात गरम करून बघता येतं, साधारण 82 ते 88 डिग्रीच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. काही जण म्हणतात काढूनच टाका, तसं अजिबात करू नका, इंजिन थंडं चालतं, डिझेल जास्त खातं आणि झीजही वाढते. बेल्ट ढिला आहे का, पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकतंय का, हे पाच मिनिटांचं काम.

एवढं सगळं ठीक निघालं तरच हेड गॅसकेटचा संशय घ्या. खूण अशी की थंड गाडी झाकण उघडं ठेवून चालू केल्याबरोबर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतच राहतात, किंवा झाकण लावून चालू केली तर इंजिन गरम व्हायच्या आधीच वरचा पाइप दगडासारखा कडक होतो, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसतो (थंडीत थोडासा थर नुसत्या दमटपणानेही येतो, त्यावरून घाबरू नका).

आणि बोरिंगचं पाणी टाकणं बंद करा भाऊ! भांड्यांवर जो पांढरा थर बसतो ना तोच रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, उन्हाळ्यातही. भरताना हळूहळू भरा, हीटर असेल तर फुल गरमवर ठेवा आणि गाडीचं तोंड चढाकडे करा म्हणजे हवा निघते.

रस्त्यात तापली तर आधी हीटर फुल करून बाजूला घ्या. वाफ दिसली किंवा लालवर गेलेला काटा एकदम खाली पडला तर ताबडतोब बंद करा, काटा पडला म्हणजे गाडी थंड झाली असं नाही, सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नाही. आणि तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नका, हेडला क्रॅक जातो, अर्धा-पाऊण तास थांबा.