मस्टँगचे इंजिन बदलताना

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या १९६७ च्या फोर्ड मस्टँग मोटारीचे इंजिन उतरवायचे असेल, तर माउंटिंगच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल टाकावे. नाहीतर पाना लावताच डोके तुटते आणि देठ आतच अडकतो. बॅटरी, पाणी, ऑइल काढल्यावर सुमारे २०० किलोचे हे धूड चेनपुलीने उचलावे, मांगराच्या (शेतातल्या खोपटाच्या) वाशावर विसंबू नये. जुन्या २८९ घनइंची इंजिनाच्या जागी फोर्डचेच ३०२ घनइंची सहज बसते. मात्र १९८२ नंतरच्या ३०२ मध्ये समतोलासाठी मुद्दाम ठेवलेले जादा वजन ५० औंस-इंचांचे आणि जुन्यात २८ चे असल्याने, ते ज्यांच्यावर असते ते फ्लायव्हील (इंजिनामागचे जड चाक) व पुढचा बॅलन्सर नव्या इंजिनाला जुळणारेच घ्यावेत, अन्यथा थरथरीने बेअरिंग जातात. आरटीओची परवानगी आधीच काढावी.