पॉइंट ताईचे, व्हिसा आपला: ऑरलँडोच्या रिसॉर्टची तयारी

तिकिटं, बॅगा, खाकरे हे सगळं नंतर. आधी एक कागद घ्या आणि अमेरिकेत ऑरलँडोच्या डिस्ने रिसॉर्टमध्ये राहायला ज्या नातेवाइकाचे पॉइंट वापरणार आहात त्यांचं 'यूज इयर', म्हणजे पॉइंटांचं बारा महिन्यांचं वर्ष, कोणत्या महिन्यात सुरू होतं ते विचारून त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या फ्रिजवर अजून तो कागद आहे: जून. त्याखाली लाल पेनानं ३१ जानेवारी. ही लाल तारीख आम्हाला पहिल्या खेपेला माहीतच नव्हती, आणि त्या एका तारखेपायी एका वर्षाचे पॉइंट जवळजवळ पाण्यात गेले.

न्यू जर्सीतली माझी मावसबहीण डिस्ने व्हेकेशन क्लबची, म्हणजे डिस्नेच्या टाइमशेअरची, मेंबर आहे. आपल्याकडे टाइमशेअर म्हटलं की मॉलमधलं कुपन आठवतं. भरून दिलं की आठवड्यानं फोन येतो, 'मॅडम, तुम्हाला गिफ्ट लागलंय, मिस्टरांना घेऊन या', आणि मग तीन तास एसीत बसवून ठेवतात. त्यामुळे ताईनं 'माझे पॉइंट घ्या, आईला घेऊन या' म्हटल्यावर नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, यात फसवणूक कुठे आहे? फसवणूक नाही, पण फुकटही नाही. १९९१ साली सुरू झालेल्या या क्लबात मेंबर एका रिसॉर्टमधला हिस्सा ठरावीक सालापर्यंत विकत घेतो. काही जुन्या रिसॉर्टची मुदत २०४२ ला संपते, ताईच्या ॲनिमल किंगडम रिसॉर्टची २०५७ ला. त्या बदल्यात दरवर्षी पॉइंट जमा होतात, आणि सोसायटीचा मेंटेनन्स असावा तशी वार्षिक फी दर पॉइंटमागे भरावी लागते, तुम्ही जा किंवा न जा. म्हणजे नातेवाईक 'असेच पडलेत' म्हणतात ते पॉइंट खरं तर त्यांच्या पैशाचे असतात. ताईनं आमच्याकडून रुपया घेतला नाही. मग आम्ही पैठणी नेली आणि तिथल्या दोन दिवसांचं जेवणाचं बिल तिच्या हातात जाऊ दिलं नाही. हा हिशेब कुठल्याही ॲपवर दिसत नाही, पण यादीत हवा.

आता ती लाल तारीख. पॉइंट त्या यूज इयरच्या बारा महिन्यांत वापरायचे. वापरणं जमणार नसेल तर पहिल्या आठ महिन्यांच्या आत ते पुढच्या वर्षात ढकलता येतात. याला 'बँक करणं' म्हणतात. जूनचं वर्ष असेल तर ही मुदत ३१ जानेवारीला संपते. एकदा बँक केलेले पॉइंट दुसऱ्यांदा बँक होत नाहीत. उलट, पुढच्या वर्षाचे पॉइंट उसने आणता येतात, पण उसने आणलेले परत पुढे पाठवता येत नाहीत. आम्ही काय केलं? मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीचं बुकिंग ताईकडून करून घेतलं आणि व्हिसाचं 'बघू, होईल' म्हणून ठेवलं. मुलाखतीची तारीख मिळाली ती थेट जुलैची. बुकिंग मार्चमध्ये रद्द केलं, पॉइंट परतही आले. चेक-इनच्या ३१ दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते येतात. पण जानेवारी उलटून गेलेला, त्यामुळे बँक करणं बंद आणि ३१ मेला पॉइंट बाद. शेवटी ताईनं ते तिच्या नणंदेला देऊन टाकले. ताई काही बोलली नाही, पण आईनं मला आठवडाभर ऐकवलं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी व्हिसा, मग तारखा, मग खोली. सगळ्यांचे पासपोर्ट काढून मुदत बघा, मुलांचे तर नक्कीच, कारण त्यांचे पाचच वर्षांचे असतात. डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म माणशी एक, आणि फी माणशी १८५ डॉलर, लहान मुलांनाही तेवढीच. बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन वेगवेगळ्या फेऱ्या आहेत. मुलाखतीला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत जाताना मोबाइल आत नेता येत नाही. ठाण्याहून पाच जण निघालात तर आत शिरण्यापूर्वी बाहेर कुठे भेटायचं ते घरीच ठरवा. आम्ही फोन घरी ठेवले आणि नवरा गाडी कुठे लावतोय ते कुणालाच कळलं नाही. पर्यटनाचा व्हिसा साधारण दहा वर्षांचा मिळतो, त्यामुळे ट्रिप दोन वर्षांनी असली तरी आत्ताच अर्ज करण्यात तोटा नाही.

तारखा ठरवताना दोन कॅलेंडरं शेजारी ठेवा: मुलांच्या शाळेचं आणि क्लबचा पॉइंट चार्ट. तीच खोली सप्टेंबरात स्वस्त पडते आणि नाताळात किंवा ईस्टरच्या सुमारास महाग. शुक्रवार-शनिवारच्या रात्रींना जास्त पॉइंट लागतात. रविवारी जाऊन शुक्रवारी निघालं की कमी पॉइंटांत काम भागतं, असा आमचा अनुभव. दिवाळीची सुट्टी यासाठी बरी आहे. उकाडा उतरलेला असतो, वादळांचा मोसम (१ जून ते ३० नोव्हेंबर) शेवटाला आलेला असतो. फक्त नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे त्यांचं थँक्सगिव्हिंग, टाळा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या शाळा शिक्षकांच्या अधिवेशनासाठी दोन दिवस बंद असतात आणि अख्खं न्यू जर्सी फ्लोरिडात उतरतं, हे ताईनं सांगितलं. तीही त्यातलीच.

खोली कोणती घ्यायची यावर आमच्याकडे दोन आठवडे खल झाला. स्टुडिओत छोटा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि टोस्टर असतो, शेगडी नसते. बऱ्याच स्टुडिओत चौघांचीच परवानगी, काहींत पाच जणांची. आम्ही पाच: आम्ही दोघं, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि आई. एका बेडरूमच्या व्हिलाला स्टुडिओच्या जवळपास दुप्पट पॉइंट लागतात, पण त्यात पूर्ण स्वयंपाकघर आणि कपडे धुण्या-वाळवण्याचं मशीन येतं. ॲनिमल किंगडमच्या किदानी व्हिलेजमध्ये एका बेडरूमला बाथरूमही दोन आहेत. सकाळी सातला पार्कला निघायचं आणि पाच माणसं, त्यातली एक पूजा झाल्याशिवाय घराबाहेर न पडणारी. दोन बाथरूम म्हटल्यावर खल संपला. शिवाय 'सव्हाना' बाजूची खोली घेतली तर बाल्कनीतून जिराफ आणि झेब्रे दिसतात. याला पॉइंट थोडे जास्त पडतात. एखादी रात्र कमी करा, पण ही बाजू घ्या, असं मी तरी म्हणेन.

बुकिंगचा दिवस म्हणजे आमच्या घरी दहावीच्या निकालाचा दिवस होता. मेंबरला स्वतःच्या 'होम रिसॉर्ट'ची, म्हणजे जिथे हिस्सा घेतलाय तिथली, खोली ११ महिने आधी मिळते, बाकीच्या रिसॉर्टची ७ महिने आधी. म्हणजे चेक-इन १६ नोव्हेंबरला असेल तर होम रिसॉर्टसाठी आदल्या वर्षीच्या १६ डिसेंबरला खिडकी उघडते, आणि त्या दिवशी चेक-इनपासूनच्या सात रात्रींपर्यंत एकदम घेता येतात. ऑनलाइन वेळ तिथली सकाळची ८. डिसेंबरात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे गेलेलं असताना साडेपाच. मी ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर, एका कानात इयरफोन, ठाण्याची लोकल समोरून जाऊ दिलेली. ताई किचन ओट्यापाशी लॅपटॉप उघडून. आठ वाजले, ती एकदम गप्प. मग, 'अगं मिळाली, सव्हाना, पाचही रात्री. ठेव फोन, पोरांचे डबे राहिलेत.' पुढच्या गाडीत चक्क बसायला जागा मिळाली.

खोली नाही मिळाली तर वेटलिस्ट लावा आणि दुसरीकडची एखादी पक्की करून ठेवा. ताई-दादा नसलेल्यांना पॉइंट भाड्यानंही मिळतात. भाव साधारण पॉइंटला २० डॉलरच्या आसपास फिरतो. मध्यस्थांमार्फत घ्या. पैसे बहुधा आधीच भरावे लागतात आणि परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय यात पडूच नका. कन्फर्मेशन नंबर तुमच्याच नावाचा हवा आणि तो डिस्नेच्या ॲपमध्ये टाकून दिसला पाहिजे. नुसता स्क्रीनशॉट म्हणजे काहीच नाही. नातेवाइकाच्या पॉइंटांवरही बुकिंग आपल्या नावानं करून घ्या, म्हणजे ते सोबत नसले तरी अडत नाही. मेंबरला मिळणाऱ्या सवलती मात्र पाहुण्याला मिळत नाहीत, त्यावर हिशेब मांडू नका. आणि नातेवाइकानं पॉइंट डिस्नेकडून न घेता दुसऱ्या मेंबरकडून १९ जानेवारी २०१९ नंतर विकत घेतले असतील तर जुन्या चौदा रिसॉर्टपैकीच निवडा. रिव्हिएरासारख्या नव्या ठिकाणी ते चालत नाहीत.

आता पैसे. पॉइंटांत खोली येते, पार्क येत नाही. चार पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वरच, दिवस वाढवले की रोजचा भाव उतरतो. तिकिटाला दहा वर्षांचं मूल मोठं माणूस धरतात, तीन वर्षांच्या आतलं फुकट. आम्ही चारच दिवसांची तिकिटं काढली, एक दिवस रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावासाठी ठेवला, आणि मुलांना तोच सगळ्यात आवडला. जेवणाच्या टेबलांचं बुकिंग चेक-इनच्या ६० दिवस आधी उघडतं, रांग टाळण्यासाठी पैसे देऊन घ्यायच्या लायटनिंग लेनचं रिसॉर्टमधल्यांना ७ दिवस आधी. दोन्ही तारखा फ्रिजवरच्या कागदावर. फोरेक्स कार्ड भरताना किंवा टूरवाल्याकडून पॅकेज घेताना टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापला गेला तर त्याची पावती सीएला द्या, रिटर्नमध्ये तो वळता होतो.

मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही. दुबईमार्गे गेलं तर एकच बदल. विमानतळावरून रिसॉर्टला जाणारी डिस्नेची फुकट बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली, तेव्हा पाच माणसं आणि सात बॅगांसाठी मोठी गाडी आधीच ठरवा. एकदा आत पोचलात की पार्कच्या बसला पैसे पडत नाहीत. खोली दुपारी ४ ला मिळते, सकाळी पोचलात तर बॅगा ठेवून तलावाकडे जा.

खाण्याच्या बॅगेवर आईचा ताबा होता, तरी दोन गोष्टींवर मी अडून बसले. ताजा कढीपत्ता अजिबात नाही. त्यावर राहणाऱ्या किडीमुळे लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लागतो, आणि फ्लोरिडाच्या संत्र्याच्या बागा त्या रोगानं होरपळल्या आहेत. ताजी फळं आणि मटण-चिकनचं काहीही नाही. बाकी जे नेताय ते तिथल्या कस्टम्सला खरं सांगा, दाखवा म्हटलं तर दाखवा. दुसरी गोष्ट, आपली इलेक्ट्रिक किटली आणि छोटा कुकर घरीच ठेवा. तिथे वीज ११० ते १२० व्होल्टची, आपलं यंत्र धड तापतच नाही, आणि पिनही वेगळी. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त ॲडॅप्टर घ्या. नौपाड्यातून मेतकूट, भाजणी, खाकरे, पोहे आणि लसणाची चटणी नेली. तांदूळ तिथल्या दुकानातून मागवला. संध्याकाळी सातला पाय तुटल्यावर गरम भात आणि मेतकूट, याची सर त्या अख्ख्या पार्कात कशाला नव्हती. बाहेर खायचंच झालं तर किदानीतल्याच 'सना'त नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-रायत्यांचं ताट मिळतं. आईनं आधी नाक मुरडलं, मग रायतं पुन्हा मागवलं.

पावसाच्या टोप्या आणि रेनकोट ठाणे स्टेशनबाहेरून घ्या, पार्कमध्ये त्याच प्लास्टिकला डॉलर पडतात. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात. आम्ही आईला दोन महिने आधीपासून तलावपाळीला फेऱ्या मारायला लावल्या, तरी तिसऱ्या दिवशी व्हीलचेअर भाड्यानं घेतलीच. ती पार्कच्या दारातच मिळते. आधी नको नको म्हणाली, मग नातवाला ढकलायला लावून स्वतः रस्ता सांगत बसली.

खोलीत रोज कुणी झाडू-पोछा करायला येणार नाही, हेही घरच्यांना आधी सांगा. आठ रात्रींहून कमी मुक्काम असेल तर चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेल एवढंच. टॉवेल वाळत घालायला मी चार चिमटे नेले होते, ते तिथल्या शॉवरच्या दांडीवर छान बसले.

परत आल्यावर एक काम राहतं. किती पॉइंट उरले ते मेंबरला विचारायचं आणि मुदतीच्या आत बँक करायची आठवण द्यायची. आमचे ११ उरले होते. मी २० जानेवारीला ताईला मेसेज टाकला. उत्तर आलं, 'केले गं, पहिलीलाच.' त्याखाली लगेच दुसरा: 'मावशीला विचार, पुन्हा कधी?'