ड्रिल मशीन घेताय? आधी भिंत बघा आणि या चुका टाळा

गेल्या वर्षी भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन आणलं, पण बिट बसतच नाही." (बिट म्हणजे मशीनच्या पुढे लावायचं, भोक पाडणारं पातं.) तो नुकताच भांडुपला नव्या टॉवरमध्ये राहायला गेला होता आणि पडद्याचे रॉड लावायचे होते. 'इम्पॅक्ट' एवढा शब्द वाचून त्याने ऑनलाइन इम्पॅक्ट ड्रायव्हर मागवला होता, दोन बॅटऱ्यांसकट. मशीन उत्तम होतं, पण स्क्रू आवळायचं.

ही चूक मी इतक्या घरांत बघितली आहे की आता ऐकूनच वैताग येतो. आपल्याकडे हॅमर ड्रिललाच 'इम्पॅक्ट ड्रिल' म्हणतात, खोक्यावरही तसंच छापतात. त्याचा ठोका बिटच्या मागून थेट भिंतीवर बसतो आणि विटेचा भुगा होतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा ठोका फिरण्याच्या दिशेने बसतो, अडकलेल्या पान्यावर हातोडी मारावी तसा. लांब स्क्रू लाकडात घालायला त्याला तोड नाही. पण त्याला बिट आवळून धरणारा तीन जबड्यांचा चक नसतो, पाव इंची षटकोनी खाच असते. त्यात भिंतीचं गोल दांड्याचं बिट बसणार कसं?

भाच्याने मग षटकोनी दांड्याचं बिट आणलं आणि अर्धा तास अंगाचा जोर लावला. मी पोहोचलो तेव्हा भिंतीत नखभर खड्डा होता आणि बिटचं टोक तापून निळं पडलं होतं. खड्ड्यातली पूड बोटावर घेतली. राखाडी, चरचरीत. निव्वळ काँक्रीट. मिवान पद्धतीच्या इमारतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा बहुतेक आरसीसीच्या, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, असतात. तिथे साधं हॅमर ड्रिलही धापा टाकतं. मी माझं एसडीएस (खाचांच्या दांड्याचं बिट खटकन अडकणारं) रोटरी हॅमर लावलं. त्यात पिस्टन हवेच्या दाबाने ठोका देतो, आपण फक्त सरळ धरायचं. आठ भोकं पंधरा मिनिटांत झाली.

म्हणून माझी सवय सांगतो. खरेदीआधी कुणाचं तरी मशीन मागून आणा, टीव्हीच्या मागे दिसणार नाही असं एक भोक पाडा आणि पूड बघा. प्लास्टर असेल तर पहिला अर्धा-पाऊण इंच राखाडीच येईल, ते सोडून द्या. पुढे लाल आली तर वीट. पिठासारखी मऊ, पांढुरकी आली तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा), तिथे हॅमर बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, फिरत राहतो. राखाडी आणि कडक येतच राहिली तर काँक्रीट. विटेच्या घराला 13 मिमी चकचं, वेग कमी-जास्त होणारं आणि उलटं फिरणारं 500-600 वॉटचं वायरवालं हॅमर ड्रिल वर्षानुवर्षं पुरतं. काँक्रीटच्या घरात चारच भोकं पाडायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणा. विकत घेणार असाल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात जाऊन हातात धरून घ्या, वजन फोटोत कळत नाही.

दुसरी चूक घाईची. जुन्या, विटेच्या इमारतीतही पडद्याचा रॉड नेमका खिडकीवरच्या लिंटेलवर (काँक्रीटच्या आडव्या पट्टीवर) नाहीतर बीमवर येतो. भोक छान चाललेलं असतं आणि अचानक बिट थांबतं, आवाज टणटणीत होतो. ती सळई. इथे नवशिके हमखास आणखी दाबतात. बिटचं कार्बाइडचं टोक उडतं, आणि सळई कापली गेली तर इमारतीचं नुकसान. आपल्या खाऱ्या, दमट हवेत उघडी पडलेली सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. आवाज बदलला की थांबा, भोक दीड इंच बाजूला घ्या, जुनं भोक सिमेंटने भरा. रॉड थोडा सरकला तर काही बिघडत नाही. मला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण लोकांना पेन्सिलची खूण बदलायची नसते.

बाकीचं थोडक्यात. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा रेषेत बाजूला भोक पाडू नका, कन्सील (भिंतीत गाडलेल्या) वायरी तिथूनच जातात. लादीवर मास्किंग टेप लावा आणि लादी पार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. 6 मिमी प्लगला 6 चंच बिट, "8 चं घेऊन टाकू" नको. बॅटरीच्या मशीनवरचं 18 व्होल्ट आणि '20 व्होल्ट मॅक्स' एकच. दोन्हींत एकापुढे एक जोडलेले पाच सेल असतात, फरक मोजण्याचा: बॅटरी पूर्ण भरलेली असताना 20, वापरताना सरासरी 18. 48 किंवा 88 आकडा छापलेल्या स्वस्त मशीनमध्येही बहुतेक वेळा तेच पाच सेल निघतात. चकची चावी चकमध्ये विसरू नका. डोक्याच्या वर, छताकडे भोक पाडताना चष्मा लावा. सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवा, काँक्रीटमधून आवाज चार मजले जातो.

भाच्याने तो ड्रायव्हर परत केला नाही, तेही मीच सांगितलं. गेल्या महिन्यात त्याने एकट्याने पलंग जोडला, चाळीस स्क्रू, एकाचंही डोकं घासलं नाही.