डेक्सेडमध्ये ऑर्गन बसवताना

शिवाजी पेठेतल्या मांडवात ऑर्केस्ट्राला लॅपटॉपवरून ऑर्गन वाजवणार असाल, तर फुकटातलं डेक्सेड हे सिंथ सॉफ्टवेअर पुरतं. ते १९८३ च्या यामाहा डीएक्स७ या सिंथ कीबोर्डवर बेतलंय. अल्गोरिदम (ऑपरेटरांची, म्हणजे आवाज काढणाऱ्या घटकांची, जोडणी) ३२ निवडा. त्यात सहाही ऑपरेटर थेट ऐकू येतात. फीडबॅक (ऑपरेटरचा आवाज परत त्यालाच देणं) शून्य. रेशो (मूळ सुराच्या किती पट) ०.५, १, १.५, २, ३, ४ ठेवले की सहा ड्रॉबारच (ऑर्गनचे एकेक सूर कमीजास्त करायचे दांडे) हाताशी आले.

पण खरी गोम व्हेलॉसिटीत, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्यात, आहे. प्रत्येक ऑपरेटरची व्हेलॉसिटी सेन्सिटिव्हिटी शून्य करा. ड्रॉबार ऑर्गनची पट्टी हळू दाबा नाहीतर दणकून, आवाज तेवढाच. आणि बोट उचललं की सूर तुटलाच पाहिजे, म्हणून रिलीज (बोट उचलल्यावर सूर विरणं) जलद ठेवा.

मांडवातल्या बेसच्या खोक्यांवर ०.५ वाला ऑपरेटर लई घुमतो. त्याची लेव्हल उतरवा, म्हणजे ढोलकीपण मोकळी ऐकू येईल.