फ्रेझल व्हर्ब स्पॅनिशमध्ये नेताना

इंग्रजी फ्रेझल व्हर्बपाशी, म्हणजे क्रियापद आणि ‘डाउन’, ‘ऑफ’सारखा छोटा शब्द मिळून झालेल्या जोडीपाशी, माझं स्पॅनिश भाषांतर अडायचं. क्रियापदाआधी कर्ता आणि कर्म बघायला लागले, तसं ते सुटलं. ‘टर्न डाउन’ घ्या: आवाज कमी करायचा तर ‘बाखार’, प्रस्ताव नाकारायचा तर ‘रेचासार’. ‘टेक ऑफ’ विमानाचं असेल तर ‘देस्पेगार’, अंगातला कोट काढायचा तर ‘कितार्से’.

खरी गंमत ‘रन आउट’मध्ये आहे. खोलीतून धावत बाहेर पडणं म्हणजे ‘सालिर कोरिएन्दो’. इंग्रजीत ‘आउट’ने दाखवलेली दिशा स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद होते आणि धावणं त्याला जोडून येतं. ‘रन आउट’चा दुसरा अर्थ संपणं: आमचं दूध संपलं, तर ‘से नोस आकाबो ला लेचे’. इथे दूधच कर्ता, अगदी मराठीसारखं! त्यामुळे अडलेलं वाक्य मी आता आधी मराठीत म्हणून बघते. कोणता अर्थ हवा आहे, ते बहुतेकदा तिथेच उलगडतं.